चिमीकडची प्रत

बाबा गेल्यावर तीन आठवड्यांनी त्यांच्या जागेवरच्या नव्या इंजिनियरने तिला ऑफिसात तातडीने बोलावलं. कंपनीचा हात कायम आखडता, म्हणून बाबांनी भंगारातल्या नऊ कॉम्प्युटरवर सगळा कारभार बसवला होता आणि प्रत्येकावर घरच्या माणसाच्या नावाची चिठ्ठी डकवली होती. "आज सकाळी आजी गेली," तो म्हणाला आणि ओशाळला. "म्हणजे, बंद पडली. सगळ्या नोंदी तिच्यात होत्या." "चिमीला विचारा," ती म्हणाली. घरी तिलाच चिमी म्हणत. "ती कोपऱ्यातली? नुसती बसून असते." "आजीचं सगळं बाबा रोज संध्याकाळी स्वतः तिच्यात उतरवून ठेवायचे." त्याने चिमी सुरू केली. अठरा वर्षांच्या नोंदी सरसर पडद्यावर आल्या आणि त्याचा जीव भांड्यात पडला. मग एका मंगळवारी त्या थांबल्या. "पुढचे तीन आठवडे?" त्याने विचारलं. "चिमीकडे तेवढंच आहे," ती म्हणाली.