उतरतं बिऱ्हाड

"आये, शेवटचा मजला," सुलक्षणा आईला म्हणाली आणि तिने फोनवर वरच्या मुकादमाला सांगितलं, "सोडा."

वर रस्त्यालगत नवी दुकानं बांधून झाली होती. कोळिष्टकाच्या धाग्यांपासून वळलेल्या दोरांनी कड्याला टांगलेली अख्खी इमारत, दुकानं, दवाखाना आणि बिऱ्हाडांसकट, एक मजला खाली सरकली. आयेच्या पुढ्यातला चहासुद्धा हिंदकळला नाही.

पायथ्याची त्यांची वाडी दरडीखाली गेल्यापासून या उतारावर पाया खणायची कुणाची छाती नव्हती. म्हणून सुलक्षणा ही इमारत वरून खाली बांधत आली होती. सगळ्यात आधी बांधलेलं, तळाचं बिऱ्हाड आयेने हट्टाने मागून घेतलं, कारण वर नवा मजला चढला की ते वाडीच्या जवळ सरकायचं. आज दारासमोर तिच्याच परसातला, दरडीतून वाचलेला फणस आला. इमारत जमिनीला टेकली की फोडायचा म्हणून भूमिपूजनाचा नारळ आयेने केव्हाचा जपून ठेवला होता.

"अजून जरा खाली घे गो बाय."

"नाही गं," सुलक्षणा चाचरत म्हणाली. "जमिनीला टेकवायची नाही. भार पडला तर डोंगर पुन्हा सुटेल." इतकी वर्षं हे सांगायचा तिला धीर झाला नव्हता.

आये उठून दाराशी गेली. मग उंबऱ्यावर बसली आणि तिने पाय बाहेर सोडले.

"उंबऱ्यावर बसू नये म्हणायचीस ना?"

आयेची बोटं ओल्या मातीत रुतली होती.

"फोड गो आता नारळ," ती म्हणाली. "पोचले मी."