जनाक्कांची पट्टी

शेजारसेवा सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेत टाळ्या पडल्या. वर्षभरात जनाक्कांचा एकटेपणा सगळ्यांत जास्त घटला होता.

तो मोजायची सभासदांच्या मनगटावरची पट्टी. एकटेपणा वाढला की ती लाल व्हायची, घटला की हिरवी. नोंद सेविकेची भेट संपताना घ्यायची, असा ठराव होता. त्यांच्याकडे येणारी सेविका वैजयंता निघायला उठली की जनाक्कांची पट्टी लालभडक व्हायची. या बाईच्या येण्याने म्हातारीला त्रासच होतो, असं समितीने ठरवलं आणि तिच्या भेटी बंद केल्या. त्यानंतर महिन्यातून एकदा कारकून नोंद घेऊन जायचा, तेव्हा पट्टी लाल नसायची.

सभा संपल्यावर वैजयंता कुणाला न विचारता थेट जनाक्कांकडे गेली. चार महिन्यांपूर्वी तिच्या वेळेला दार उघडं असायचं, गॅसवर दोघींचा चहा असायचा. आज तिला कडी वाजवावी लागली.

जनाक्कांनी पाणी दिलं.

"आक्का, मला येऊ देत नव्हते हो."

"असू दे गं. कामं असतात तुम्हाला."

पूर्वी त्या तिला "तू" म्हणायच्या. ती उठली की "बस की जरा" म्हणून पदर धरायच्या.

"येते, आक्का."

"बरं," म्हणत जनाक्का पुन्हा शेंगा फोडू लागल्या.

दारातून वैजयंताने वळून पाहिलं. पट्टी हिरवीच होती.