पारिजातकाचा काढा

दिवसभर धंतोलीच्या दवाखान्यात गुडघेदुखीच्या पेशंटांचे नंबर लावायचे आणि घरी येऊन सासूच्या गुडघ्यांसाठी पारिजातकाची पानं उकळायची, याचा दीप्तीला वीट आला होता. पानं इतकी खरखरीत, की तोडताना बोटं सोलून निघायची. तुळसाबाई काढा प्यायच्या आणि पुन्हा कण्हत पडून राहायच्या.

“आई बरी झाली का भिवापूरच्या घरी सोडून येतो तिले,” प्रशिक रोज म्हणायचा. दीप्ती त्या दिवसाचीच वाट पाहत होती.

आज ती लवकर घरी आली, तर तुळसाबाई अंगणात स्टुलावर चढून पानं तोडत होत्या.

“आत्याबाई!”

“बोंबलू नको वं. तुह्ये हात सोलून निघून राहिले, म्हणून म्हटलं आज मीच तोडाव.”

स्टुलावरून टुणकन उतरत त्या हळू आवाजात म्हणाल्या, “प्रशिकले सांगू नको. तिथं भिवापूरले बोलाले कोणी नाही वं मले.”

संध्याकाळी प्रशिकनं आईच्या गुडघ्यांचं विचारलं.

 

 

“आज जास्तच दुखून राहिले त्यायचे,” म्हणत दीप्तीनं काढ्याचं पातेलं गॅसवर चढवलं.