रोजच्यातलं उदाहरण

पाथर्डीकडच्या एका शाळेत दिपोटीसाहेब तपासणीला आले. सातवीला म्हणाले, "निर्जीव वस्तू माणसासारखी वागली की चेतनगुणोक्ती अलंकार होतो. कवितेतलं नको, रोजच्यातलं उदाहरण सांगा."

गहिनीनाथ गुरुजींनी महिनाभर कविताच घोकून घेतल्या होत्या.

छबू उठली. "गुरुजींची टोपी. गुरुजी मळ्यात विहीर खांदायला गेले, की ती खुर्चीत बसून आमच्यावर लक्ष ठिवती."

साहेबांनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि पोरांना सुट्टी देऊन टाकली. आता आपली बदली पक्की, म्हणून गुरुजी मान खाली घालून उभे राहिले.



साहेब जवळ येऊन हळूच म्हणाले, "टोपी वाऱ्यानं उडते हो, गुरुजी. मी कचेरीत खुर्चीला कोट अडकवून जातो."