तांबड्या ताऱ्याची नोंद

"आठ पूर्णांक आठ," सर म्हणाले आणि दुर्बिणीला लावलेला डोळा तसाच ठेवून "लिहिलं" हा शब्द ऐकायला थांबले. तो शब्द आला नाही.

गच्चीवर खुर्ची टाकून काकू, म्हणजे त्यांची बायको, बसल्या होत्या. मांडीवर वही, एका हातात पेन्सिल, दुसऱ्यात तांबडा कागद बांधलेली बॅटरी. दिवेलागण होऊन दोन तास झाले होते, अंधार चांगलाच दाटला होता. सर आकडा सांगणार, काकू लिहिणार आणि मागचा आकडा काही झालं तरी सांगणार नाहीत, असा या घरचा कायदा होता. मागचा आकडा कानावर पडला की डोळा त्याच्याकडे ओढ घेतो, असं सरांचं म्हणणं. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण स्वतःच्या वहीला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

"अगं, लिहिलंस का?"

"लिहिते. पण पुन्हा एकदा बघता का?"

एवढंच म्हणाल्या, पण कायदा मोडलाच. आकडा मागच्याशी जुळत नाही, हे सरांना कळून चुकलं.

तारा म्हातारा, तांबडा आणि अवाढव्य. सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वीला पोटात घालून वर जागा उरेल. अकरा महिन्यांत एकदा तो फुगतो आणि आकसतो. फुगला की थंडावतो आणि मंद होतो. किती मंद, तेवढंच सर बघत आले होते. मोठ्या वेधशाळांना एकाच ताऱ्यापाशी बसून राहायला सवड नसते. सरांना सवडच सवड होती. शेजारचे दोन पांढरे तारे कधी बदलत नाहीत, त्यांच्याशी ताडून आकडा ठरवायचा. आकडा जितका मोठा तितका तारा मंद, असा हा उलटा कारभार.

सरांची एक जुनी विद्यार्थिनी आता वेधशाळेत होती. तिने काकूंकडून वही मागून नेली, नऊ वर्षांच्या नोंदी मांडल्या आणि ओरडतच फोन केला. तारा दर खेपेला थोडा कमी मंद होतोय, सर! त्याच्या पोटात काहीतरी बदलतंय! हे आजवर कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. तिने लेख लिहून एका शास्त्रीय नियतकालिकाकडे पाठवला, त्यावर दोघांचीही नावं होती. सरांनी आकडे तेवढे ऐकून घेतले नाहीत, पण तेव्हापासून ते जिना गुणगुणत चढायचे.

सरांनी पुन्हा पाहिलं. आठ पूर्णांक आठच. हा उजवा डोळा, महिन्यापूर्वी मोतीबिंदू काढून नवं भिंग बसवलेला. पांढरे तारे कोणीतरी पुसून ठेवल्यासारखे लख्ख दिसत होते. तांबडा त्यांच्यापुढे पार फिका. मग त्यांनी डावा डोळा लावला. त्याचं ऑपरेशन सोमवारी होतं. पांढरे तारे पिवळट, मलूल झाले. तांबडा मात्र होता तसाच, त्यांच्या जवळजवळ बरोबरीने ऐटीत उभा.

"आठ पूर्णांक तीन," ते हळूच म्हणाले.

"हां!" काकूंचा जीव भांड्यात पडला. "मागच्या खेपेला हेच होतं."

सरांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. "डॉक्टर काय म्हणाले होते गं? डोळ्यातून काढलेल्या भिंगाबद्दल?"

"काय म्हणणार! हसले. पार पिवळं पडलंय म्हणाले. आठ-दहा वर्षं तरी सर पिवळ्या काचेतून बघत असतील, म्हणाले. का हो?"

पिवळी काच पांढऱ्याचं तेज गिळते, तांबड्याला फारसा धक्का लावत नाही. काच दरवर्षी आणखी पिवळी झाली, तसा तांबडा दरवर्षी आणखी उजळ दिसला. नऊ वर्षं डोळ्यांत तेल घालून त्यांनी स्वतःचाच मोतीबिंदू टिपला होता, तोही दशांशापर्यंत. त्यात ताऱ्याचं खरं किती आणि डोळ्याचं किती, हे आता कोणाच्या बापालाही वेगळं काढता येणार नव्हतं. होऊन गेलेली रात्र पुन्हा बघता येत नाही.

काकूंना सगळं सांगितल्यावर त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "सोमवारचं ऑपरेशन पुढे ढकलू या का?"

इतका वेडगळ प्रश्न त्यांनी आयुष्यात विचारला नव्हता. आणि सरांना क्षणभर हो म्हणावंसं वाटलं.

"नको. तिला फोन लाव. लेख थांबवायला सांगतो."

फोन लागला, पण सरांना तोंड उघडायची संधीच मिळाली नाही.

"सर, मीच करणार होते! लेख स्वीकारला! एकाच माणसाच्या नोंदींवर विसंबायचं कसं, असं लेख तपासणाऱ्यांचं म्हणणं होतं ना? म्हणून मी आणखी दोघांच्या वह्या मिळवल्या. दोघं दोन देशांतले, एकमेकांची ओळखही नाही. आणि सर, दोघांच्याही नोंदींत तारा असाच उजळत गेलाय. अगदी तुमच्यासारखा!"

सरांचा श्वास मोकळा झाला. तिघं तीन ठिकाणी बसून एकच चूक कशी करतील? मग एकाएकी त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"वय काय गं त्यांचं?"

"वय? एक एकाहत्तर, दुसरे चौऱ्याहत्तर." ती हसली. "अहो सर, नऊ-नऊ वर्षं एकाच ताऱ्याकडे बघत बसायला तरुण माणूस कुठून मिळणार?"