न कोरलेली जागा

पिंप्राळ्यातल्या घरी भटूनं जुन्या प्रिंटरच्या मोटारी जोडून लाकूड कोरणारं यंत्र बनवलं होतं. कॉम्प्युटरनं सांगावं, यंत्रानं कोरावं. पण साधं वर्तुळ कोरतानाही त्याचं फिरतं टोक एका जागी आपोआप वर उचललं जायचं आणि जरा पुढं जाऊन उतरायचं.

त्यानं मोटार बदलली, सळई बदलली, शेवटी धुळ्याहून दुसरा प्रोग्राम आणला. टोक तिथंच उचललं जाई.

वैतागून त्यानं अख्खी फळी कोरायला लावली. मधे न कोरलेला, पाच बोटांचा एक लहानसा पंजा उरला.

"बंद करा ते," त्याची बायको लता दारातूनच त्या पंजाकडं बोट करत म्हणाली. "तठे कोणी हात ठेयेल शे."

"कोणी नई शे. नुसतं लाकूड शे," म्हणत भटूनं पुन्हा बटण दाबलं.

टोक फिरत फिरत पंजाशी आलं. या वेळी ते उचललं गेलं नाही.

भुसा ओला पडू लागला.