शुद्धीवरचं माणूस

भास घडवणारे मशरूम एकट्याने खाणं धोक्याचं, सोबतीला शुद्धीवरचं माणूस हवंच, म्हणून धाकट्याने ताईला बोलावलं. तिने आधी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या. मग वेळ पडली तर डोक्यावर ओतायला पाणी असावं म्हणून तुंबणाऱ्या सिंकमध्ये नळ सोडून पातेलं लावलं आणि ती सोफ्यावर पाय वर घेऊन मोबाईल बघत बसली.

तासाभराने तो कुजबुजला, "ताई, स्वयंपाकघरातून नदी येतेय."

"येऊ दे. खोल श्वास घे."

"अगं, माझी चप्पल वाहत चाललीय!"

"जाऊ दे. तू फक्त बघत राहा."

दार वाजलं. खालच्या मजल्यावरचे काका उघडी छत्री घेऊनच वर आले होते. "तुमच्या दोघांत शुद्धीवर कोण आहे?"

ताईने गुपचूप धाकट्याकडे बोट दाखवलं.